डोक्याला मार लागला तर: मेंदूची इजा कशी ओळखायची आणि भरपाई कशी मागायची?

समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका गावातला २८ वर्षांचा गवंडी. आठवडी बाजार करून संध्याकाळी मोटरसायकलवर घरी निघाला आणि मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. दहा-बारा दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. टाके सुकले, चालता येऊ लागलं, जेवण सुरू झालं. भेटायला आलेले सगळे म्हणाले, "नशीब थोर, वाचला."

महिनाभरानंतर तो कामावर गेला. ओळंबा धरला, पण भिंत सरळ येईना. माप सांगितलं की पाच मिनिटांत विसरायचा. ऊन लागलं की डोकं ठणकायचं. घरी पोरांच्या आवाजाने चिडायचा, ताट भिरकवायचा. बायको म्हणाली, "माणूस तोच आहे, पण तसा राहिला नाही."

हा गवंडी काल्पनिक आहे, पण त्याची अवस्था नवी नाही. मोडलेला पाय सगळ्यांना दिसतो, मेंदूची इजा दिसत नाही. जी दिसत नाही ती कागदावर आली नाही, तर भरपाईच्या हिशेबातही येत नाही. म्हणून ही इजा म्हणजे काय, पहिल्या दिवसापासून काय जपायचं आणि कायद्याने काय मिळू शकतं, हे एकत्र समजून घेऊ.

मेंदूला इजा होते म्हणजे नेमकं काय होतं?

कवटी कडक असते आणि आत मेंदू मऊ. गाडीवरून पडल्यावर डोकं एकदम थांबतं, पण आतला मेंदू हलतो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो. त्यामुळे मेंदूला खरचटतं, सूज येते, रक्तवाहिनी फुटते किंवा मेंदूतले बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. कवटी फुटलेली नसली तरी हे सगळं होऊ शकतं.

यातले तीन प्रकार सामान्य माणसाला माहीत असावेत.

पहिला प्रकार म्हणजे कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचणं. यात माणूस आधी बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि काही तासांनी अचानक खालावतो. मधला हा शुद्धीचा काळ फसवा असतो. या काळात घरी नेऊन झोपवलेला माणूस सकाळी उठत नाही.

दुसरा प्रकार म्हाताऱ्या माणसांत, दारूची सवय असलेल्यांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत जास्त दिसतो. मार साधा असतो, पण रक्त हळूहळू साचत जातं. आठवड्यांनी आजोबा अडखळत चालू लागतात, बोलण्यात गोंधळ होतो. तोपर्यंत घरचे न्हाणीघरातलं ते पडणं विसरलेले असतात.

तिसरा प्रकार तंतू तुटण्याचा. यात सीटी स्कॅन जवळजवळ स्वच्छ येऊ शकतो, पण स्मरणशक्ती, एकाग्रता आणि स्वभाव बदलतो. 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ 'मेंदूला काही झालं नाही' असा होतोच असं नाही.

इजा किती गंभीर आहे हे मोजायला डॉक्टर 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देतात. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. साधारणपणे १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याखाली गंभीर. केसपेपरवर 'जीसीएस' लिहून पुढे जो आकडा असतो तो हाच. पुढे दाव्यात तो फार उपयोगी पडतो, म्हणून पहिल्या दवाखान्याचा केसपेपर कधीही टाकून देऊ नका.

पहिले काही तास

अपघातानंतर १०८ वर फोन करा. जखमीची मान वळवू नका, त्याला ओढून उठवू नका, पाणी किंवा चहा पाजू नका. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर करा. जखम कापडाने दाबून धरा.

पुढचं एखादं लक्षण दिसलं तर वाट पाहू नका: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एक बाहुली मोठी दिसणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलण्यात गोंधळ, झोपेतून न उठणं. तोंडाला दारूचा वास आला म्हणून "चढली आहे, झोपू द्या" असं तर कधीच करू नका. प्यायलेल्या माणसालाही मेंदूत रक्तस्राव होतो.

दारव्ह्याहून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साधारण ४०-४५ किलोमीटरवर आहे. तिथून नागपूर आणखी सुमारे १५० किलोमीटर. मेंदूच्या शस्त्रक्रियेत वेळच महत्त्वाचा असल्याने, सीटी स्कॅन आणि मेंदूचे शल्यविशारद त्या क्षणी कुठे उपलब्ध आहेत हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांकडून विचारून घ्या. चुकीच्या ठिकाणी जाऊन परत निघण्यात तास जातात.

पैशांची पहिली काळजी काही अंशी कायद्याने हलकी केली आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार नामनिर्देशित रुग्णालयात मिळतात. राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दाखल होतानाच दोन्ही योजनांबद्दल विचारा. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे मदत करायला कचरू नका.

घरी आल्यावर: एक वही घाला

इथेच बहुतेक घरं चुकतात. डिस्चार्ज झाला म्हणजे प्रकरण संपलं असं वाटतं. खरं तर मेंदूच्या इजेचे परिणाम घरी आल्यावर कळू लागतात.

एक साधी शंभर पानी वही घ्या आणि तारीख टाकून लिहीत जा. झटका कधी आला, किती वेळ होता. कोणती गोष्ट विसरला. गॅस चालू ठेवून निघून गेला का. पैसे मोजता येतात का, ओळखीच्या रस्त्याने एकटा घरी येतो का. वास येतो का, चव लागते का. कोणाच्या अंगावर धावून गेला का. आंघोळीला, कपडे घालायला कोणाची मदत लागते आणि त्यासाठी घरातल्या कोणाची मजुरी बुडते.

ही वही डॉक्टरांना दाखवा आणि त्यातल्या तक्रारी केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही आणि कोर्टात तर त्याला काहीच आधार नसतो. स्मरणशक्ती, लक्ष, निर्णयशक्ती तपासण्यासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ठरावीक चाचण्या घेतात. स्कॅनमध्ये न दिसणारं नुकसान अशा चाचणीत आकड्यांत दिसतं. यवतमाळ किंवा नागपूरला फेरतपासणीला जाल तेव्हा या चाचणीबद्दल आवर्जून विचारा.

औषधांची बिलं, तपासण्या, गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा राहण्या-जेवणाचा खर्च, सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेवा.

भरपाई कोणाकडून मिळते?

हे अपघात कसा झाला यावर ठरतं.

*दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर:* मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. इथे रकमेला कमाल मर्यादा नाही.

*चूक कोणाची हे सिद्ध करायचं नसेल तर:* कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विमा कंपनीकडून हे ठरलेले पैसे कलम १४९ च्या पद्धतीने स्वीकारले, तर कलम १६६ चा मोठा दावा संपुष्टात येतो. मेंदूच्या गंभीर इजेत अडीच लाखांवर सही करणं किती महागात पडू शकतं ते पुढे हिशेबात दिसेल.

*वाहन पळून गेलं असेल तर:* कलम १६१ आणि २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा. पुढे वाहन सापडलं तर मोठा दावा करता येतो, मिळालेले पैसे त्यात वळते होतात.

*गाडी स्वतःची, चूकही स्वतःची:* कलम १६६ चा उपयोग नाही. पण पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते पाहा. त्यात हात-पाय-डोळे गमावण्याबरोबरच इतर कारणाने आलेलं कायमचं संपूर्ण अपंगत्वही धरलेलं असतं. वैध लायसन्स मात्र लागतं.

*कामावर पडून मार लागला असेल तर:* पाडावरून, छतावरून पडणं हा कामगार भरपाईचा विषय आहे. त्यासाठी १९२३ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे.

*मारहाण झाली असेल तर:* फौजदारी खटल्याबरोबरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडितांसाठीच्या भरपाई योजनेतून अर्ज करता येतो.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, बँक खात्यावरून २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन्हींत २ लाख मिळतात. अपंगत्वाच्या यादीत मात्र डोळे, हात आणि पाय मोजले जातात. फक्त स्मरणशक्ती किंवा स्वभाव बिघडला तर ही यादी अपुरी पडते. म्हणून वाहन अपघातात खरा आधार कलम १६६ चाच.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

अपघात पुण्याजवळ झाला म्हणून पुण्यालाच जावं लागतं, हा गैरसमज आहे. अपघात जिथे झाला, अर्जदार जिथे राहतो किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या प्राधिकरणाकडे दावा करता येतो. कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या इथल्या मजुरांना आपल्या भागातच दावा लावता येतो. दारव्ह्यात लावायचा की यवतमाळला, हे न्यायालयाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे विचारा.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून ६ महिन्यांत करायचा असतो. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे मुदत उलटली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका. पण आव्हानाच्या भरवशावर थांबूही नका. मेंदूच्या इजेत ६ महिने उपचारातच निघून जातात. दावा आधी दाखल करा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर जोडता येतं.

पोलिसांनीही अपघाताचा अहवाल प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. तरीही प्रथम खबर अहवाल, घटनास्थळ पंचनामा, वाहनाचे आणि विम्याचे कागद, यांच्या प्रती स्वतः घ्या. दवाखान्यात दाखल करताना 'रस्ते अपघात' अशी नोंद झाली आहे ना, ते पाहा. घाईत कोणी 'पडून मार' असं सांगितलं, तर विमा कंपनीचा वकील पुढे नेमकं तेच वाक्य वाचून दाखवतो.

जखमी स्वतः समजून सही करण्याच्या स्थितीत नसेल, तर पत्नी, आई-वडील किंवा भाऊ 'वादमित्र' म्हणून त्याच्या वतीने दावा चालवू शकतात.

हेल्मेट नव्हतं किंवा तिघे बसले होते, एवढ्यावरून दावा बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे की तिघे बसणं हा नियमभंग असला, तरी त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. हेल्मेटच्या बाबतीत रक्कम कमी करण्याचा युक्तिवाद मात्र होतो.

रक्कम कशी ठरते?

उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढच्या काळातलं उत्पन्नाचं नुकसान, पुढचे उपचार, सोबतीच्या माणसाचा खर्च, वेदना आणि आयुष्यातल्या सुखाचं नुकसान, अशा वेगवेगळ्या शीर्षकांखाली रक्कम मोजली जाते. सगळ्यात मोठा आकडा बहुधा उत्पन्नाच्या नुकसानीचा असतो.

आपल्या गवंड्याचा हिशेब करू. महिन्याची कमाई १२,००० रुपये धरू. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा असेल तर भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात. म्हणजे १६,८०० रुपये महिना, २,०१,६०० रुपये वर्षाला. २६ ते ३० वयासाठी गुणक १७ आहे. गुणाकार होतो ३४,२७,२०० रुपये.

आता प्रश्न येतो टक्क्यांचा. प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व आहे म्हणून ४० टक्केच धरले, तर १३,७०,८८० रुपये. तो गवंडीकाम किंवा दुसरं कोणतंही काम करू शकत नाही हे सिद्ध झालं, तर पूर्ण ३४,२७,२००. फरक वीस लाखांहून जास्त.

हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या निकालात स्पष्ट केला आहे. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाने उदाहरण दिलं आहे डावा हात गेलेल्या माणसाचं: तो चालक किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. मेंदूच्या इजेला हेच तत्त्व लागू होतं. म्हणून डॉक्टरांच्या साक्षीत 'किती टक्के' याबरोबर 'कोणतं काम आता जमत नाही' हे यायला हवं. सोबत काम करणाऱ्या मिस्त्रीची, ठेकेदाराची साक्षही तितकीच महत्त्वाची. कमाईच्या पुराव्यासाठी बँकेचं पासबुक आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी उपयोगी पडते.

दुसरं मोठं शीर्षक सोबतीच्या माणसाचं. "घरचेच तर करतात" म्हणून ते मागायचं राहून जातं. ५ फेब्रुवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी डोक्याला गंभीर इजा झालेल्या मुलीचं प्रकरण होतं. तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली होती. प्राधिकरणाने सुमारे ११ लाख दिले होते, सर्वोच्च न्यायालयाने ते ६२,२७,००० रुपयांपर्यंत वाढवले. त्यात देखभालीसाठी महिना १०,००० रुपये धरून १८ च्या गुणकाने रक्कम काढली होती. देखभाल आयुष्यभराची असते, तर तिचा हिशेबही आयुष्यभराचा व्हायला हवा, असा त्याचा अर्थ.

प्रमाणपत्र काढताना

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात 'डोक्याला मार लागून झालेली मेंदूची इजा' असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे परिणामांनुसार मोजणी होते: हात-पाय लुळे असतील तर अस्थिव्यंग, बोलणं गेलं असेल तर वाचा आणि भाषा, वागणं बिघडलं असेल तर मानसिक आजार. एकाहून अधिक त्रास असतील तर प्रत्येकाची तपासणी मागा. नुसता हात तपासून टक्का ठरला, तर स्मरणशक्तीचं नुकसान मोजणीबाहेर राहतं. इजा स्थिरावल्यावरच हे प्रमाणपत्र काढावं. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त दिसते, पण पुढेही होत राहते.

सही करण्याआधी

अपघातानंतर पहिल्याच आठवड्यात गाडीमालकाची माणसं येतात. "आपसात मिटवू, दवाखान्याचा खर्च देतो" म्हणतात, शंभर-पाचशेच्या स्टँपवर लिहून आणतात. मदत घ्या, पण 'यापुढे काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. मेंदूचं खरं नुकसान त्या आठवड्यात डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

वकिलाची फी आधी लेखी ठरवा. मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारीने वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. महिला, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. प्राधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील करता येतं.

आपल्या गवंड्याकडे परत जाऊ. त्याची बायको जे एका वाक्यात म्हणाली, "तसा राहिला नाही", ते खरंच आहे. पण प्राधिकरणाला ते वाक्य पुरत नाही. ते केसपेपरवर, चाचणीच्या अहवालात, मिस्त्रीच्या साक्षीत आणि घरच्या वहीत उतरावं लागतं. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणाच्या डोक्याला मार लागला असेल, तर वही आजच सुरू करा.